सहा कोऱ्या नोटिसा

गिरीश बिरादार जिना चढून वर आला तेव्हा कक्षातल्या कुणी त्याला बस म्हटलं नाही. दीड वर्षापूर्वीपर्यंत तो याच खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसत होता. आता त्याच्या कमरेला पेजर होता आणि खाली नामपल्लीच्या गल्लीत त्याची पांढरी गाडी दोन ऑटोंची वाट अडवून उभी होती.

"मॅडम आहेत?" त्यानं विचारलं.

"असल्या तर दिसतील की," कारकून एकनाथराव म्हणाले. पंचवीस वर्षं खटल्यांच्या मिसली बांधून बांधून त्यांच्या बोटांना सुतळीचे घट्टे पडले होते. "जा आत. दार तेच आहे, साहेब तुम्ही नवीन झालात."

निर्मला भालकीकरांचं दार कधी बंद नसे. सरकारी वकिलांच्या कार्यालयातला प्रदूषण कक्ष त्यांच्या देखरेखीखाली होता. कारखान्यांनी नासवलेली तळी, ओढे, विहिरी त्यांच्याचकडून साफ करून घ्यायच्या, असे राज्यातले खटले इथून चालत. चार सहायक वकील मसुदे लिहीत आणि निर्मलाबाई ते लाल पेनानं तपासत. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून एकही चुकीची तारीख कोर्टात गेली नाही, हे त्यांना पाठ होतं आणि दुसऱ्यांनाही त्यांनी ते पाठ करायला लावलं होतं. त्यांचे आजोबा निजामाच्या अदालतीत वकील, वडील सरकारी वकील. गौलीगुड्याच्या त्यांच्या घरात जेवताना पोरांची उलटतपासणी होत असे.

"काय आणलंयस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"गंगमकुंट्याचं तडजोडीचं निवेदन. परवाच्या पेशीला दोन्ही बाजूंनी मिळून दाखल करायचं." त्यानं चार पानं टेबलावर ठेवली.

गंगमकुंटा म्हणजे शहरापासून तीस किलोमीटरवरचं एका गावाचं तळं. औषधांची रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीनं चार वर्षं आपलं सांडपाणी त्यात सोडलं होतं. आता तळाशी फूट-दीड फूट काळा गाळ साचला होता आणि गावातल्या विहिरींच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येत होता. कंपनीनं तो सगळा गाळ स्वतःच्या खर्चानं उपसून न्यावा, एवढंच सरकारचं मागणं होतं. गुरुवारी हायकोर्टात अखेरची सुनावणी होती. कंपनीतर्फे उभे राहणार होते भगवंतराव, शहरातले सगळ्यात महागडे वकील. सरकारी नोकरी सोडल्यापासून गिरीश त्यांच्याच चेंबरमध्ये होता.

निर्मलाबाईंनी चारही पानं वाचली. तळ्याभोवती कुंपण. काठावर पाचशे झाडं. गावाला रोज दोन टँकर पाणी.

"यात गाळ कुठाय?"

"गाळ राहील तिथंच. त्याला कुणी हात लावला नाही की तो कुणाला त्रास देत नाही."

"हे तू स्वतः लिहिलंस की भगवंतरावांनी सांगितलं?"

"सचिवालयानं होकार दिलाय, मॅडम. एकोणीसशे शहाण्णव सालात आहोत आपण. दिल्लीपासून सगळे कारखाने या, कारखाने या म्हणून हात जोडतायत आणि तुम्ही त्यांना तळी उपसायला लावताय. फक्त तुमची सही राहिलीय. तुमच्या सहीशिवाय या कक्षातून चिटोरंसुद्धा बाहेर जात नाही, हा तुमचाच कायदा."

"मग हेही जाणार नाही. उचल."

गिरीशनं पानं उचलली नाहीत. समोरची खुर्ची ओढून तो बसला. इथं काम करताना साडेपाच वर्षांत तो त्या खुर्चीत कधी बसला नव्हता.

"अकरा जून त्र्याण्णवला तुम्ही कुठं होतात, मॅडम?"

निर्मलाबाईंचा पेन थांबला.

त्या नांदेडला होत्या, भाचीच्या लग्नाला. आठ दिवसांची रजा होती. आणि सगळं दुखणं त्या आठ दिवसांतच होतं.

कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेण्याआधी कारखान्याला नोटीस द्यावी लागते. मग नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांवर लाखेची मोहर करायची, एक बाटली कारखान्याला द्यायची. यातलं काही चुकलं तर पाणी कितीही विषारी असो, पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. पूर्वी एका निरीक्षकाच्या अर्धवट नोटिशीपायी अख्खा कारखाना सुटला होता. तेव्हापासून निर्मलाबाईंनी नियम घालून दिला की माझी सही असल्याशिवाय एकही नोटीस निघणार नाही आणि पितळी मोहर माझ्याच कपाटात राहील. नियम चांगला होता. पण त्या नांदेडला निघाल्या तेव्हा लक्षात आलं की आठ दिवस राज्यात कुणालाच नमुना घेता येणार नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती सहीचा अधिकार द्यायला त्यांचं मन धजेना. म्हणून त्यांनी सहा कोऱ्या नोटिसांवर सह्या केल्या आणि त्या मोहरेसकट गिरीशकडे सोपवल्या. पाच कोऱ्याच परत आल्या. सहावी गंगमकुंट्याला वापरली गेली. नमुना खरा होता, बाटली खरी होती, पाण्यातलं विष खरं होतं. पुढं त्याच नोटिशीबद्दल, ती मी स्वतः त्या दिवशी हैदराबादेत काढली, असं प्रतिज्ञापत्र निर्मलाबाईंनी कोर्टात केलं होतं. तेव्हा ते लिहिताना त्यांना नांदेड आठवलंसुद्धा नव्हतं, की आठवून त्यांनी बाजूला सारलं होतं, हे त्यांना आता सांगता आलं नसतं.

"त्या नोटिशीवरची तारीख तुझ्या अक्षरात आहे," त्या म्हणाल्या.

"आणि सही तुमची. रजेचा अर्ज सचिवालयात आहे. भगवंतरावांनी फक्त तो मागवायचा."

"इथल्या नोकरीत कळलेली गोष्ट तू पलीकडं नेऊन विकलीस. यात तुझी सनद जाते, कळतं का तुला?"

"म्हणून तर मी उभा राहत नाही. मागच्या बाकावर बसतो. आणि माझी जाईल तर तुमचीही जाईल. तेव्हा कुणाचीच जायला नको." तो हसला. "तुम्हीच शिकवलंत, मॅडम. आपल्या मिसलीतला एक कागदसुद्धा आपण होऊन सोडायचा नाही. तुम्ही सोडणार नाही, मला ठाऊक आहे. साडेपाच वर्षं तुमच्या हाताखाली काढलीत."

"काढलीस आणि पळालास."

"पळालो नाही, गेलो. माझे वडील मलकपेठच्या गंजात, धान्यबाजारात, ज्वारीची पोती मोजतात. आमच्या घरात पहिला काळा कोट माझा. त्या कोटातल्या माणसाचा मसुदा तुम्ही चार ज्युनियरांसमोर वाचून दाखवलात आणि म्हणालात, याला गंजातली पावती लिहायची सवय दिसते. आठवतं?"

"मसुदा वाईट होता."

"असेल." तो उठला. "उद्या संध्याकाळपर्यंत सही करून पाठवा. नाही तर परवा भगवंतराव तुमच्या भाचीच्या लग्नाची तिथी विचारतील."

त्याच्या मागोमाग एकनाथराव आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. या कक्षात सगळं सगळ्यांना ऐकू येत असे. त्यांच्या बगलेत कापडी पुठ्ठ्याची नोंदवही होती.

"बाईसाहेब, हे बघा."

नोंदवही निर्मलाबाईंचीच होती. पाच जून त्र्याण्णवच्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: सही केलेल्या कोऱ्या नोटिसा, नग सहा, आणि मोहर, गिरीश बिरादार यांच्याकडे दिली. खाली गिरीशची पोच. स्वतःच्या चुकीचीसुद्धा त्यांनी नियमाप्रमाणे नोंद केली होती.

"हे पान त्याला आठवत नसावं," एकनाथराव हळू आवाजात म्हणाले. "त्यानं रजेची बात केली, वहीची केली नाही. रजेवर जायच्या आधी सही करून गेले म्हणायचं, तारीख पोरानं चुकवली म्हणायचं. ही वही मात्र नक्को. खालच्या दफ्तरखान्यात वाळवी फार झालीय बघा. दोन वह्या गेल्या हप्त्यातच खल्लास झाल्या."

"वाळवी सांगून येते का तुम्हाला?"

"पंचवीस साल झाले, आता ओळखते मला."

निर्मलाबाई हसल्या नाहीत. "वही इथंच ठेवा. आणि रश्मीला पाठवा."

रश्मी कक्षातली सगळ्यात तरुण सहायक वकील. गंगमकुंट्याची मिसल तिच्याकडे होती. मराठी ती घरी बोले, पण वाचताना अडखळे. इंग्रजी मसुदे मात्र सुरेख लिही. निर्मलाबाईंनी तिला सहा महिन्यांत दोनदा रडवलं होतं. तिसऱ्यांदा ती रडली नाही आणि तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

निर्मलाबाईंनी वहीचं पान तिच्यासमोर धरलं आणि काय घडलं ते चार वाक्यांत सांगितलं. रश्मीनं ऐकून घेतलं.

"माझ्या पहिल्या अर्जावर तारीख राहिली होती," ती म्हणाली. "तुम्ही त्यावर काय लिहिलं होतं, सांगू?"

"मला माहीत आहे."

"बिना तारखेचा कागद म्हणजे रद्दी. आणि तो अर्ज भिंतीला टाचणीनं लावून ठेवला. आठ दिवस. चहावाला पण वाचून जायचा."

"रश्मी, परवा नमुना बाद झाला तर आपल्याकडं दुसरं काय आहे?"

"काही नाही." तिनं मिसल उघडली. "काही नाही, कारण तुम्ही ठेवलं नाही. हे बघा. जानेवारीतला माझा मसुदा, परिच्छेद चौदा. पाणी तीन वर्षांत वाहून जातं, गाळ बसून राहतो. कोर्टानं स्वतःचा कमिशनर नेमावा, दोन्ही बाजूंच्या समोर तळातला गाळ काढून तपासावा. असं मी लिहिलं होतं."

परिच्छेद चौदावर वरपासून खालपर्यंत लाल तिरपी रेघ होती. समासात निर्मलाबाईंचं अक्षर: अनावश्यक. नमुना आधीच आहे. स्वतःच्या पुराव्यावर स्वतः शंका घेऊ नये.

निर्मलाबाईंनी समासातला तो शेरा पुन्हा वाचला. बाहेर कुणीतरी टाइपरायटरवर कागद चढवत होतं.

"हा परिच्छेद लागेल," त्या म्हणाल्या.

"मग तसं लिहा."

"काय?"

"तुम्हीच सांगता ना, खोडलेलं परत घ्यायचं असेल तर खोडणाऱ्यानं समासात लिहून सही करायची. मी तोंडी हुकमावर काम करत नाही."

निर्मलाबाईंनी लाल पेन उचलला आणि समासात लिहिलं: परिच्छेद कायम. खाली सही केली, त्याखाली तारीख. रश्मीनं कागद उलटा फिरवून तारीख नीट पाहिली आणि मगच उचलला.

"तुमचं काय होईल?" दाराशी थांबून तिनं विचारलं. आवाजात काळजी नव्हती. मिसलीतली उरलेली माहिती भरून घ्यावी तसं विचारणं होतं.

"सचिव हा कक्ष काढून घेतील. चौकशी लागेल. पेन्शनला अजून सहा वर्षं आहेत, ती अडकेल."

"आणि सही केली तर?"

"कुंपण आणि पाचशे झाडं."

बुधवारी दुपारी सचिवालयातून दोन फोन आले. दोन्ही वेळा निर्मलाबाईंनी सांगितलं की निवेदन तपासणीत आहे. ते खोटं नव्हतं. चारही पानांवर त्यांनी लाल पेनानं छत्तीस दुरुस्त्या केल्या आणि सहीची जागा कोरी ठेवून संध्याकाळी ती पानं भगवंतरावांच्या चेंबरवर पाठवून दिली. पंधरा मिनिटांत गिरीशचा फोन आला.

"हे काय, मॅडम?"

"मसुदा वाईट होता," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी त्या नेहमीप्रमाणे घरून चालत निघाल्या, नयापूल ओलांडून हायकोर्टात आल्या. पिशवीत कापडी पुठ्ठ्याची वही होती. कोर्टाच्या बाहेरच्या व्हरांड्यात तळ्याच्या गावची सत्यवती बसली होती. गेली तीन वर्षं ती प्रत्येक पेशीला बस बदलून यायची. तिची विहीर तळ्याला सगळ्यात जवळची होती. तिनं तेलुगूत विचारलं, "अम्मा, आज होईल का?"

"आज नाही होणार," निर्मलाबाईंनी तिला तेलुगूतच सांगितलं. "पण मोडणारही नाही, बघते."

सत्यवतीनं मान फिरवली. असं तिला यापूर्वी अकरा वेळा सांगण्यात आलं होतं.

पुकारा झाला. भगवंतराव गाऊन सावरत उठले. मागच्या बाकावर गिरीश मांडीवर रजेच्या अर्जाची नक्कल घेऊन बसला होता. भगवंतरावांनी तोंड उघडायच्या आधी निर्मलाबाई बोलू लागल्या.

"सरकार जून त्र्याण्णवचा नमुना मागं घेत आहे. त्याबद्दलचं माझं प्रतिज्ञापत्र खोटं होतं. दुसरं प्रतिज्ञापत्र आणि कार्यालयाची नोंदवही दाखल करते."

कोर्टात कुणाचं तरी फाईल बंद करणं मोठ्यानं ऐकू आलं. न्यायमूर्तींनी चष्मा लावला आणि दोन पानं सावकाश वाचली. मग वहीचं पान पाहिलं. मग पुन्हा पानं.

"सही केलेल्या कोऱ्या नोटिसा तुम्ही वाटल्या?"

"होय. सहा."

"आणि नोंद ठेवली?"

"होय."

"का?"

"सवय आहे," त्या म्हणाल्या.

"सहाव्या नोटिशीवर तारीख कुणी घातली?"

मागं बाक करकरला. निर्मलाबाईंनी मान वळवली नाही.

"गिरीश बिरादार यांनी. तेव्हा ते माझ्या हाताखाली सहायक वकील होते. आज ते याच प्रकरणात समोरच्या बाजूच्या चेंबरमध्ये आहेत आणि मागच्या बाकावर बसलेत. परवा मंगळवारी ते माझ्या कार्यालयात येऊन गेले. काय बोलले ते प्रतिज्ञापत्राच्या नवव्या परिच्छेदात आहे."

भगवंतरावांनी मागं वळून पाहिलं. चाळीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी पुष्कळ माणसं बुडताना पाहिली होती. याला हात द्यायचा नाही, हे त्यांनी जागच्या जागी ठरवलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मला या भेटीची कल्पना नाही," ते म्हणाले. "आणि नमुनाच गेला तर याचिकेत उरतं काय? ती फेटाळावी."

"आजच्या पुरवणी अर्जातला परिच्छेद चौदा उरतो," निर्मलाबाई म्हणाल्या. "तो माझ्या सहायक वकील मांडतील. माझ्या शब्दावर आता न्यायालयानं विसंबू नये."

रश्मी उठली. पाणी वाहतं, गाळ राहतो. कंपनीनं तो टाकला नसेल तर तो तपासायला कंपनीला भीती कसली? सात मिनिटांत ती खाली बसली. भगवंतराव वीस मिनिटं बोलले.

न्यायमूर्तींनी दोन हुकूम दिले. पहिला: सोमवारी कोर्टाचा कमिशनर दोन्ही बाजूंच्या समोर गंगमकुंट्याच्या तळातून चार ठिकाणचा गाळ काढील, तोवर याचिका जिवंत. दुसरा: खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल निर्मला भालकीकर यांची आणि नवव्या परिच्छेदाबद्दल गिरीश बिरादार यांची चौकशी व्हावी, म्हणून कागद विधी खात्याकडे आणि बार कौन्सिलकडे जावेत.

व्हरांड्यात गिरीशनं त्यांना गाठलं. त्याचा टाय सैल झाला होता.

"स्वतःला जाळून घेतलंत. कशासाठी? गाळाचा अहवाल काय येईल हेसुद्धा ठाऊक नाही तुम्हाला."

"तुला ठाऊक आहे ना," निर्मलाबाई म्हणाल्या. "ती बाटली तूच भरली होतीस. वास घरापर्यंत आला म्हणून तीनदा आंघोळ केली, असं तेव्हा तूच सांगितलं होतंस."

"माझं सगळं गेलं, मॅडम."

"मी तुला कोरी नोटीस दिली, ती चूक माझी. त्याचं मी भरीन. तुझं तू बघ."

त्याला आणखी काही म्हणायचं होतं, पण कमरेचा पेजर वाजू लागला. पडद्यावर भगवंतरावांच्या चेंबरचा नंबर होता. तो बराच वेळ वाजत राहिला.

सोमवारी सकाळी साडेआठला सचिवालयाचा शिपाई बदलीचा हुकूम घेऊन आला. निर्मला भालकीकर यांच्याकडून कक्षाचा कार्यभार तत्काळ काढून घेण्यात येत आहे. चौकशी संपेपर्यंत ग्रंथालयात बसावं. तात्पुरता कार्यभार रश्मीकडे.

खाली कमिशनरची जीप उभी होती. एकनाथरावांनी झाकणाचे चार काचेचे डबे, लाख, मेणबत्ती आणि फावडं जीपमध्ये ठेवलं होतं. कंपनीचा नवा ज्युनियर वकील आपल्या गाडीत बसून घड्याळ पाहत होता. फक्त मोहर राहिली होती.

निर्मलाबाईंनी कपाट उघडलं, पितळी मोहर टेबलावर ठेवली आणि शेजारी वहीचं नवं पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं: पितळी मोहर, नग एक. कोऱ्या नोटिसा, नाहीत.

"पोच दे," त्या म्हणाल्या.

रश्मीनं मोहर उचलून तिच्यावरची अक्षरं पाहिली. फटींत लाख अडकली होती. तिनं ती नखानं काढली.

"गाळ मधोमध खणा," निर्मलाबाई म्हणाल्या. "काठाचा घेऊ नका. काठाला पाऊस लागतो. आणि नोटीस तिथं, त्यांच्या समोर—"

"मॅडम, कार्यभार माझ्याकडं आहे."

निर्मलाबाई थांबल्या. त्यांनी लाल पेन पुढं केला. रश्मीनं तो घेतला नाही. पर्समधून स्वतःचा निळा काढला. वहीवर वाकून तिनं आधी आजची तारीख घातली, मग वेळ, आठ वाजून पंचेचाळीस मिनिटं, आणि दोन्ही पुन्हा एकदा वाचून मगच सही केली.

"बरोबर आहे?" तिनं वही निर्मलाबाईंकडं फिरवून विचारलं.

निर्मलाबाईंनी वाचलं. काढण्यासारखं काही नव्हतं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

रश्मी मोहर घेऊन जिना उतरली. खालून जीप सुरू झाल्याचा आवाज आला. निर्मलाबाईंनी वहीतली शाई वाळू दिली, वही एकनाथरावांच्या हाती दिली आणि ती दफ्तरखान्यात नको, कपाटात ठेवा असं सांगून त्या ग्रंथालयाकडं निघाल्या.